गिऱ्हाइकाला वॉरंटी, घरच्याला शब्द

गाडी उत्तम निघाली, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर जुन्या गाडीची गोष्ट म्हटली की ऐकणारा ती कुठल्या घाटात बंद पडते याचीच वाट बघत बसतो. माझी बंद पडली नाही. नाशिकरोडहून सिन्नरला आणि सिन्नरहून परत, रोज, चार वर्षं, मोहदरीचा घाट चढून-उतरून, ती एकदाही कुरकुरली नाही. एकदा तरी पडायला हवी होती. रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभं राहायला मिळालं असतं, दोन-चार शिव्या हासडता आल्या असत्या, आणि ‘बघा, म्हणून घेतली होती वॉरंटी’ असं निदान स्वतःला तरी सांगता आलं असतं. तेवढंसुद्धा समाधान त्या गाडीने मला दिलं नाही.

मी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तपासनीस आहे. माझं काम नाकारण्याचं. मशीनवरून आलेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा, केसभर फरक दिसला की त्यावर फुली मारून बाजूला टाकायचा. बावीस वर्षं मी त्याचाच पगार घेतोय. तिथे मी सुपरवायझरचं ऐकत नाही आणि मॅनेजरचंही ऐकत नाही. घरी आलो की मात्र मला कोणालाच नाही म्हणता येत नाही. बायको म्हणते, तुमचे सगळे नकार कंपनीतच संपून जातात. ती हे गमतीने म्हणते आणि मला ते लागतं, कारण त्यात खोटं काही नाही.

कंपनीची बस होती तोवर गाडीचा विचार कधी मनात आला नाही. मग एक दिवस नोटीस बोर्डावर कागद लागला की पुढच्या महिन्यापासून बस बंद, ज्याने त्याने आपापली सोय करावी. काही महिने मी एसटीने आणि जीपने केले. जीपमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून पन्नाशीच्या माणसाने किती दिवस जायचं. कंबर धरली, तेव्हा बायको म्हणाली, आता एखादी जुनी गाडी बघा. आणि जुनी गाडी बघायची म्हटल्यावर आमच्या घरात दुसऱ्या कुठल्या दुकानाचं नाव निघणं शक्यच नव्हतं. दाजींचाच तो धंदा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाशिकच्या द्वारका चौकापासून थोडं पुढे त्यांचा जुन्या गाड्यांचा बाजार आहे. धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या गाड्या ओळीने उभ्या, प्रत्येकीच्या काचेवर पांढऱ्या रंगात वर्ष लिहिलेलं, आणि मधोमध दाजी, हातात चहाचा कप. माणूस दिलदार. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी दोन दिवस दुकान सोडून दवाखान्यात बसले होते. कोणाचं लग्न असो, कोणाचं मयत असो, दाजींची गाडी सगळ्यांच्या आधी हजर. माणूस वाईट नाही, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. आजही कोणी विचारलं तर तेच म्हणेन, कारण दुसरं काही म्हणायचं तर पुरावा लागतो आणि माझ्याजवळ एका वाक्यापलीकडे काही नाही.

त्यात ते जावई. आमच्याकडे जावई आला की टीव्हीवर त्याला हवं ते लागतं, पंखा त्याच्याकडे वळतो, आणि माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई गुडघे धरत उठून डोक्यावर पदर घेते. जावयाकडे पावती मागायची नसते. जावई चुकला तर बहिणीचंच काहीतरी चुकलं असणार असं म्हणायचं असतं. वडील मनमाडला रेल्वेत होते, ताईचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं होतं की त्या माणसाला कधी दुखवू नकोस, आपली पोरगी त्यांच्या घरात आहे. एखाद्याला ओलीस ठेवल्यासारखं हे बोलणं. पण तेव्हा ते कोणालाच विचित्र वाटलं नाही. मलाही नाही.

ताई बी.कॉम. झालेली. दहा-बारा वर्षांपूर्वी दुकानात कागदपत्रं बघणारी बाई काम सोडून गेली, तेव्हा ताई तात्पुरती म्हणून तिथे जाऊन बसली आणि बसतच राहिली. अकरा ते दोन, मागच्या काचेच्या केबिनमध्ये. गाडी एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करण्याचे आरटीओचे फॉर्म, विमा, बँकेचा ना-हरकत दाखला, सगळं ती बघायची. कोणती गाडी कुठून आली, कोणती आपटून रंगवली आहे, कोणती पुराच्या पाण्यात बुडाली होती, तिला सगळं तोंडपाठ. घरी ती चार माणसांत फार बोलत नसे. पण त्या केबिनमध्ये अंबाड्यात पेन खोचून बसली की एजंट लोकसुद्धा तिला टरकायचे. मी कधी द्वारकेवरून जाताना डोकावलो तर ती एका हाताने मला थांब म्हणायची आणि दुसऱ्या हाताने फोनवर कोणाची तरी खरडपट्टी काढत असायची. मला फार बरं वाटायचं ते बघून. मनमाडच्या क्वार्टरमधली माझी ताई तीच होती.

दाजींनी माझ्यासाठी एक पांढरी गाडी काढून ठेवली. सात वर्षं जुनी, एका बँकवाल्याच्या हातची. आपल्याकडे रीत आहे की जुनी गाडी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची नाही, आपल्या मिस्त्रीच्या डोळ्यांनी बघायची. माझ्या स्कूटरचं काम वीस वर्षं करणारे एक चाचा आहेत, त्यांना मी दाजी नसताना गुपचूप घेऊन गेलो. दाजींना कळू नये म्हणून. चाचांनी बोनेट उघडलं, खाली झोपून बघितलं, एक चक्कर मारली, इंजिनाला कान लावून ऐकलं. "एकदम ओके आहे साहेब," ते म्हणाले. "बँकवाल्याने चालवली कमी, पुसली जास्त. डोळे मिटून घ्या." मी त्यांना वॉरंटीचं विचारलं. "इंजिन चांगलं असलं तर वॉरंटी करून काय करायचं? आणि खराब असलं तर गाडी घेऊन काय करायचं?" चाचांनी हात पुसत विषय संपवला.

खरं म्हणजे इथेच सगळं संपायला हवं होतं. पण दाजींच्या काउंटरवर एक रंगीत पत्रक होतं, ते मी घरी आणलं. एक्स्टेंडेड वॉरंटी, दोन वर्षांची, कुठल्यातरी बाहेरच्या कंपनीची. दाजी फक्त ती विकायचे. गाडी ताब्यात घेतानाच ती घ्यावी लागे, नंतर मिळत नसे. पुढच्या पानावर हसणारं कुटुंब, मागच्या पानावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत अटी. मी त्या अटी भिंग घेऊन वाचल्या, तो माझा धंदाच आहे. क्लच वॉरंटीत नाही. ब्रेकच्या पट्ट्या नाहीत. बॅटरी नाही, टायर नाहीत, रबराचं काहीच नाही, काचेचं काहीच नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स आहेत, पण बाहेरच्या मिस्त्रीने हात लावला की तेही नाहीत. थोडक्यात, जे मोडतं ते वॉरंटीत नाही आणि जे वॉरंटीत आहे ते सहसा मोडत नाही. असं पत्रक आमच्या तपासणीत आलं असतं तर मी ते पहिल्या ओळीलाच बाजूला टाकलं असतं.

तरी मला ती वॉरंटी हवी होती. का, ते नीट सांगता येत नाही. भीती, दुसरं काय. आयुष्यभराची शिल्लक चाकांवरच्या एका डब्यात घालायची आणि हातात कागद नाही, हे मला झेपत नव्हतं.

त्या रविवारी दाजी आणि ताई आमच्याकडे मिसळ खायला आले. मी हळूच विषय काढला.

"दाजी, त्या वॉरंटीचं काय करायचं?"

"कसली वॉरंटी?" दाजींनी पाव मोडला. "अरे, ती गिऱ्हाइकासाठी असते. गिऱ्हाइकाला वॉरंटी, घरच्याला शब्द. तुला मी आहे ना. कसाऱ्याच्या घाटात बंद पडली तरी मला फोन कर, मी येतो ओढून न्यायला."

"तसं नाही, पण..."

"काय पण? माझ्या दुकानातली गाडी आणि खात्री परक्याची? लोक हसतील ना मेव्हणे."

"जावईबापूंनी सांगितलं ना," आई म्हणाली. "मग झालं."

मी झालं म्हटलं आणि रश्श्याचं भांडं पुढे केलं. ताई खाली मान घालून फरसाण निवडत होती. ते गेल्यावर बायको भांडी आवरता आवरता म्हणाली, "त्यांच्या शब्दाला मुदत किती ते विचारलंत का?" मी म्हटलं, नातं आहे, असं बोलू नये. ती म्हणाली, "मग नका बोलू. वॉरंटी घ्या आणि माझं नाव सांगा. म्हणा, बायको ऐकत नाही. बायकांची नावं आणखी कशासाठी असतात?"

ती काही चुकीचं सांगत नव्हती. आपल्याकडे पुरुषाला नाही म्हणायचं असलं की तो घरच्या बाईचं नाव पुढे करतो. ‘मिसेसना विचारून सांगतो’ म्हटलं की दुकानदारालाही कळतं, सौदा मोडला, आणि तरी कोणाचा अपमान होत नाही. दाजींच्या दुकानात रोज दहा माणसं हे म्हणून जात असतील. पायवाट रुळलेली होती, मी फक्त त्यावरून चालायचं होतं.

गुरुवारी दुपारी मी कॅन्टीनमध्ये डबा उघडत होतो तेव्हा ताईचा फोन आला. ती या वेळेला कधी फोन करत नसे.

"जेवलास का?"

"बसतोच आहे. काय गं?"

"शनिवारी गाडी नेणार ना?"

"हो."

"वॉरंटी घे."

"अगं, पण दाजी तर म्हणाले..."

"ते काय म्हणाले ते मी ऐकलं. तू घे. कागदावर घे. त्यांच्या शब्दावर जाऊ नकोस."

"गाडीत काही आहे का?" मी घाबरून विचारलं.

मागे हॉर्न ऐकू येत होते, म्हणजे ती दुकानातून रस्त्यावर आली असणार.

"गाडी चांगली आहे," ती म्हणाली. "गाडीचं नाही म्हणत मी."

"मग?"

"काही नाही. जेव तू. डबा गार होईल."

फोन बंद झाला. हे वाक्य मी तेव्हा ऐकलं नाही, असं म्हणायची मला सोय नाही. स्वच्छ ऐकलं. गाडीचं नाही म्हणत मी. सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्या बहिणीने नवऱ्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं, ना आईजवळ, ना माझ्याजवळ. आणि आता तिने मधल्या सुट्टीत फोन करून सांगितलं की त्यांच्या शब्दावर जाऊ नकोस. असा कोणता शब्द त्यांनी तिला दिला होता आणि कितीदा मोडला होता? हे विचारायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. परत फोन लावायचा आणि म्हणायचं, ताई, काय झालंय? मी लावला नाही. मी भाजीत भाकरी बुडवली आणि विचार करत बसलो की आता वॉरंटी घ्यावी की न घ्यावी. केसभर फरक ओळखण्याचा पगार घेणारा माणूस मी, आणि हातात एवढं आलेलं मला दिसलं नाही. दिसलं, पण उचलावं लागलं असतं म्हणून मी बघितलं नाही.

माझं नाव घेऊ नकोस, असं ती म्हणाली नाही. ते सांगायची गरज असेल असं तिला वाटलंच नसावं.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे द्वारकेला गेलो. आई, बायको, मी. गाडीला झेंडूचा हार घातलेला, काउंटरवर पेढ्यांचा बॉक्स. दुकानात गर्दी होती, दोन-तीन गिऱ्हाइकं, एक एजंट, दाजींचे दोघे मित्र. ताई मागे काचेच्या केबिनमध्ये माझ्याच गाडीचे कागद तयार करत होती. दार उघडं होतं. दाजींनी मला जवळ बसवलं आणि डिलिव्हरीचा कागद पुढे सरकवला. त्यात एक ओळ होती की ग्राहकाने स्वखुशीने वॉरंटी नाकारली आहे, तिच्यापुढे सहीची जागा.

"मार सही," दाजी म्हणाले. "बाकी मी बघतो."

मी पेन हातात घेतलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. आता म्हणा, बायको ऐकत नाही, एवढंच तिच्या नजरेत होतं. मी तेच म्हणणार होतो. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि दाजी-मेव्हण्यांमध्ये थट्टेची एक जुनी वहिवाट असते. मेव्हण्याने दाजींना चार लोकांत टोमणा मारावा, दाजींनी उलटा मारावा, लोकांनी हसावं. लग्नाच्या पंगतीपासून आमचं ते चालत आलेलं. आणि मला एक झकास वाक्य सुचलं.

"दाजी," मी म्हटलं, "तुमच्या बायकोचाच तुमच्या शब्दावर भरवसा नाही, मग आम्ही गरिबांनी तो कुठून आणायचा? ताईनेच फोन करून सांगितलंय, कागदावर घे म्हणून."

दुकान हसलं. एजंट हसला, मित्र हसले, आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. सगळ्यांत मोठ्याने दाजी हसले. मांडीवर थाप मारून म्हणाले, "घ्या, आमच्याच घरात घरभेदी." मग त्यांनी मान वळवून काचेकडे बघितलं आणि हसत हसतच हाक मारली, "अगं, वॉरंटीचा फॉर्म आण बाई. तुझ्या भावाला तुझ्या नवऱ्याचा शब्द चालत नाही."

ताई फॉर्म घेऊन आली. तीही हसत होती, म्हणजे तिचे ओठ तसे केलेले होते. अंबाड्यातलं पेन काढून तिने कागदावर दोन ठिकाणी बारीक फुल्या केल्या. "इथे सही. आणि इथे." माझ्याकडे तिने बघितलं नाही. मी दोन्ही जागी सही केली. नंतर तिने गाडीला हळदकुंकू लावलं, बोनेटवर स्वस्तिक काढलं, आईने नारळ वाढवला, दाजींनी मला स्वतःच्या हाताने पेढा भरवला. बायको परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, पैसे जास्त गेले म्हणून रागावली असेल.

तिचं बोलणं घरी पोचल्यावर झालं. "माझं नाव घ्यायला काय झालं होतं?" एवढं एकच तिने विचारलं. तिला मी काहीबाही उत्तरं दिली. तुझं नाव घेतलं असतं तर दाजी तुझ्यावर रुसले असते, ताई त्यांच्या घरचीच, तिचं कोण मनावर घेतं, वगैरे. सगळी बनवलेली. खरं कारण एकच होतं, की ते वाक्य चांगलं होतं. मला त्या गर्दीत एकदा दाजींपेक्षा हुशार दिसायचं होतं. सव्वीस वर्षं पंखा त्यांच्याकडे वळवत आलो होतो, त्याची फेड मी एका टाळीवर केली, आणि ती टाळी माझ्या बहिणीच्या जिवावर घेतली.

दहा-बारा दिवसांनी गाडी माझ्या नावावर झाल्याचे कागद आणायला दुकानात गेलो, तर केबिनमध्ये एक चष्मेवाले गृहस्थ बसलेले. ताईच्या खुर्चीला नवीन कव्हर घातलेलं.

"ताई कुठाय?"

"तिला म्हटलं आता आराम कर," दाजी म्हणाले. "किती वर्षं दुकानात राबायचं? लोक म्हणतात, बायकोला कामाला लावलंय." आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "काय मेव्हणे, गाडी काय म्हणते?"

"मस्त," मी म्हटलं.

तिथेच मला काहीतरी म्हणता आलं असतं. दाजी, तो जोक होता. दाजी, ती काही म्हणाली नव्हती, मीच रचलं. एक धडधडीत खोटं बोललो असतो तरी चाललं असतं. मी चहा प्यालो, कागद घेतले आणि निघालो. आईला सांगितलं तर तिला फार आनंद झाला. "जावईबापू किती जपतात तिला," ती म्हणाली.

मग ताईचे फोन बदलले. पूर्वी ताई दुकानातून फोन करायची, कामाच्या मधे, दोन मिनिटं, एजंटाच्या नकला करत. आता फोन संध्याकाळी यायचा, स्पीकरवर ठेवलेला, आणि तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमायचा. "बोल," ती म्हणायची, "तुझे दाजीही इथेच बसलेत, ऐकतायत." मागे दाजी खाकरायचे. मग आम्ही आईच्या गुडघ्यांबद्दल बोलायचो, पाण्याच्या टँकरबद्दल बोलायचो, द्राक्षं यंदा आंबट आहेत म्हणायचो. काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "मला नाही माहीत, त्यांना विचार." मी एकदा विचारलं, अधिक महिन्यात आईकडे दोन दिवस राहायला येतेस का. "त्यांना विचार." मी विचारलं. दाजी म्हणाले, "अरे, तिलाच यायचं नसतं, मी कुठे अडवतो?" ती आली नाही. राखीला आली ती दाजींबरोबर, आणि दाजींचा चहा संपला तशी उठली. माझ्या मनगटाला राखी बांधताना तिने गाठ नेहमीसारखी घट्ट मारली. तेवढ्यावरून मी महिनाभर आशा धरून होतो.

दाजींनी तिला मारलं, कोंडलं, असं काही मी म्हणत नाही. मला माहीत नाही. जो माणूस एकमेव दार उघडं होतं तेव्हा आत डोकावला नाही, त्याला नंतर काय माहीत असणार? मला एवढंच दिसतं की एका बाईला दिवसातले तीन तास होते, ते गेले.

दोन वर्षांनी वॉरंटी संपली. कंपनीकडून एका मुलीचा फोन आला, अतिशय गोड आवाजात. "सर, आपण एकही क्लेम केलेला नाही, त्यामुळे नूतनीकरणावर आपल्याला खास सवलत आहे." मी नको म्हटलं. "काही तक्रार होती का सर?" मी नाही म्हटलं. तो कागद अजून कपाटात आहे. ताईने केलेल्या दोन फुल्यांपाशी माझ्या दोन सह्या.

गेल्या महिन्यात आईला ताप भरला. दाजी ताईला आणून सोडून गेले आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला की एक गिऱ्हाईक अडलंय, मला यायला जमत नाही, तूच तिला घरी सोड. चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघंच एका ठिकाणी होतो. त्यांचं घर दुकानाजवळच, म्हणजे नाशिकरोड ते द्वारका, गर्दी धरून अर्धा तास. ती माझ्या शेजारी बसली. पदराच्या टोकाने तिने समोरची धूळ पुसली आणि म्हणाली, "चांगली ठेवलीस हं गाडी."

अर्धं अंतर गेलं. मग म्हटलं, "ताई, तेव्हा तू कॅन्टीनमध्ये फोन केला होतास."

"कधी?"

"गाडी घेतली तेव्हा. वॉरंटी घे म्हणालीस."

"मी?" ती म्हणाली. "मी कशाला सांगेन? मला काय कळतं त्या वॉरंटीतलं."

तिचा आवाज तसाच होता, संध्याकाळच्या फोनमधला, कोणीतरी मागे बसून ऐकत असल्यासारखा. पुढे सिग्नल लागला. सगळ्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. मी चारही काचा वर केल्या.

"ताई, माझं चुकलं," मी म्हटलं. "मला सांग काय ते. आता सांग. दाजी नाहीत, आई नाही, फोन तुझ्या पर्समध्ये आहे. इथं कोणी नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या फॉर्मात कोणती जागा रिकामी राहिली आहे ते बघावं, तशा शांतपणे बघितलं.

"तू आहेस ना," ती म्हणाली, आणि सिग्नल सुटलाय, मागचा केव्हाचा हॉर्न वाजवतोय, पुढे बघ, असं तिने मला सांगितलं.